रांग नेमकी कुठे लागलीय ते दाखवणाऱ्या ताईंना

ताई, नमस्कार.

नाव लिहू नकोस असं तुम्ही दोनदा बजावलंत म्हणून नुसतं ताईच लिहितोय. पण पत्र मात्र सगळ्यांना दिसेल असं लिहायचं ठरवलंय, कारण जुलैमधल्या त्या तीन रात्री तुम्ही फोनवर जे शिकवलंत ते एकट्याने सर्व्हर सांभाळणाऱ्या अजून कुणालातरी नक्की उपयोगी पडेल, आणि दुसरं म्हणजे फोनवर आभार मानायला गेलो की तुम्ही "बरं बरं, झोप आता" म्हणून फोन ठेवून देता.

आमच्या संस्थेची कॉलेजं सात, मेल सर्व्हर एक आणि बघणारा मी एक. ॲडमिशनचे दिवस, फीची पावती मेलवर, मेरिट लिस्ट मेलवर, कागदपत्रं तपासायची वेळ मेलवर. सकाळी ११ ला ऑफिसं उघडली की मेल सुटायला लागायचे, आणि त्या आठवड्यात दुपारी १२ ला पाठवलेला मेल ३ नंतर पोचत होता, दुपारी ३ ला पाठवलेला पहाटे. जतकडच्या एका गावातून एक वडील मुलीला घेऊन एसटीने आले, त्यांना तपासणीची वेळ कळवणारा मेल मिळाला तो वेळ टळून गेल्यावर. मुलगी गप्प उभी होती, वडील मला म्हणाले "साहेब, आमचं काही चुकलं का?" प्रिन्सिपल मॅडमनी त्यांना दुसरी वेळ दिली, काम झालं त्यांचं, पण ते वाक्य माझ्या डोक्यातून अजून गेलेलं नाही. चूक त्यांची नव्हतीच, चूक माझ्या मशीनमध्ये होती आणि ती कुठे आहे हे मला चार दिवस सापडत नव्हतं.

तोवर मी काय काय केलेलं ते इथे सगळं सांगतो, कारण हे बरेच जण करतात. टॉप, म्हणजे मशीनवर किती ताण आहे ते दाखवणारी कमांड, लावून बघितलं तर लोड ०.३, सीपीयू रिकामा, डिस्कवर जागा भरपूर, म्हणजे सर्व्हर ठणठणीत आहे असं मी ठरवून टाकलं आणि इंटरनेट देणाऱ्या कंपनीला कडक मेल लिहिला. मग स्पॅम तपासणाऱ्या फिल्टरचे कामगार, म्हणजे एकाच वेळी मेल तपासणारे प्रोसेस, २ वरून ४० केले, ४ जीबी रॅमचं मशीन ते, रॅम संपून लगेच स्वॅपमध्ये, म्हणजे डिस्कवर, गेलं आणि अर्धा तास कुणाचंच काही हलेना, तेव्हा परत २ केले. मग शेवटचा उपाय म्हणून क्रॉनमध्ये, म्हणजे ठरल्या वेळी कमांड आपोआप चालवणाऱ्या प्रोग्रॅममध्ये, दर मिनिटाला रांग फ्लश करायची, म्हणजे अडकलेले सगळे मेल लगेच पुन्हा पाठवून बघायची, कमांड टाकली.

पहिल्या रात्री साडेनऊला तुम्ही फोन उचललात, मागे कुकरच्या शिट्ट्या चाललेल्या, आणि मी धडाधड हे सगळं सांगत सुटलो तर तुम्ही मध्येच म्हणालात, "आधी कीबोर्डवरून हात काढ. मेल हळू जातोय म्हणजे कुठे हळू जातोय ते सांग." मला उत्तर देता आलं नाही. चार दिवस मी त्या प्रश्नाच्या जवळपासही गेलो नव्हतो, ताई.

तुम्ही मला एक उशिरा पोचलेला मेल उघडायला लावलात, त्याचे हेडर, म्हणजे मेलच्या प्रवासाच्या नोंदी, काढायला लावलेत आणि रिसीव्हड या ओळी खालून वर वाचायला सांगितल्यात, कारण प्रत्येक सर्व्हर आपला शिक्का वरच्या बाजूला मारत जातो. खालून दुसऱ्या आणि तिसऱ्या ओळीत तीन तासांचं अंतर होतं आणि दोन्ही शिक्के आमच्याच मशीनचे. म्हणजे मेल आमच्या दारातून बाहेर पडलाच नव्हता, तीन तास घरातच बसून होता. दुसऱ्या दिवशी सकाळी मी त्या इंटरनेट कंपनीच्या इंजिनिअरला फोन करून माफी मागितली, तेही तुमच्या सांगण्यावरूनच.

मग लॉग. पोस्टफिक्स, म्हणजे आमचा मेल घेणारा-पोचवणारा प्रोग्रॅम, प्रत्येक डिलिव्हरीच्या ओळीत डिलेज म्हणून चार आकडे लिहितो, २.३ व्हर्जनपासून लिहितोय, आणि मी ती ओळ रोज बघत असून ते आकडे कधी वाचले नव्हते. आमच्याकडे होतं ०.४/११२६०/०.०२/२१. तुम्ही एकेक फोड करून सांगितलीत: पहिला आकडा मेल आत येऊन क्यू मॅनेजरच्या, म्हणजे रांग सांभाळणाऱ्या प्रोग्रॅमच्या, हाती लागेपर्यंतचा, दुसरा क्यू मॅनेजरकडे रांगेत बसल्याचा, तिसरा पुढच्या ठिकाणाशी कनेक्शन जोडण्याचा, त्यात पत्ता शोधणं (डीएनएस), ओळख देणं (हेलो), सुरक्षित जोडणी (टीएलएस) सगळं आलं, आणि चौथा मेल प्रत्यक्ष हवाली करण्याचा. ११२६० सेकंद, म्हणजे तीन तासांहून जास्त, तो नुसता रांगेत बसलेला. मी लगेच म्हटलं म्हणजे क्यू मॅनेजर हळू आहे, तर तुम्ही म्हणालात, "बँकेत रांग लांब असली तर रांगेला दोष देतोस का? खिडकीवर काय चाललंय ते बघ. चौथा आकडा वाच." चौथा आकडा २१. पुढचं ठिकाण म्हणजे आमचाच स्पॅम तपासणारा फिल्टर, त्याच मशीनवरचा, आणि त्याला एका मेलमागे २१ सेकंद लागत होते.

त्यावेळी तुम्ही जरा रमून पोस्टफिक्सची गोष्ट सांगितलीत, वीत्सा व्हेनेमा यांनी आयबीएममध्ये असताना ते लिहिलं, डिसेंबर १९९८ मध्ये ते लोकांसमोर आलं, आणि त्यांनी एकच मोठा प्रोग्रॅम न करता छोटे छोटे प्रोग्रॅम केले, मेल घेणारा वेगळा, रांग सांभाळणारा वेगळा, पोचवणारा वेगळा. म्हणूनच मेल कुणाच्या हातात किती वेळ होता हे लॉग इतकं स्वच्छ सांगू शकतो. मला हे फार आवडलं, खरंच.

दुसऱ्या रात्री तुम्ही वहीत हिशोब करायला लावलात. कामगार २, मेलमागे साधारण २० सेकंद, म्हणजे मिनिटाला ६, तासाला ३६०. ॲडमिशनच्या गर्दीत तासाला १५०० मेल आत येत होते. दर तासाला ११४० मागे पडणार, आणि एका तासाचा तुंबलेला ढीग उपसायलाच तीन तास. दुपारी १२ चा मेल ३ नंतर का पोचत होता ते वहीच्या एका पानावर बसलं! एरवी मे-जूनमध्ये आमच्याकडे तासाला दोनशेच मेल असतात, ते ३६० मध्ये आरामात मावत होते, प्रत्येकाला वीस सेकंद उशीर होत होता पण वीस सेकंद कुणाच्या लक्षात येतात? बिघाड कित्येक महिने तिथेच होता आणि गर्दी नव्हती म्हणून झाकलेला होता. हे कळलं तेव्हा मी दोन मिनिटं काही बोललोच नाही, तुम्ही विचारलंत फोन कट झाला का.

आणि २१ सेकंद कशात जात होते, तर वाट बघण्यात. सीपीयू रिकामा होता तो म्हणूनच. स्पॅमअ‍ॅसॅसिन हा फिल्टरमधला प्रोग्रॅम प्रत्येक मेलमागे डीएनएसला बरेच प्रश्न विचारतो, हा पत्ता ब्लॉकलिस्टमध्ये, म्हणजे स्पॅम पाठवणाऱ्यांच्या यादीत, आहे का वगैरे, आणि उत्तर आलं नाही तर थांबतो, ती थांबायची मर्यादा मुळात १५ सेकंद असते. तुम्ही म्हणालात रिझॉल्व्ह कॉन्फ, म्हणजे डीएनएसचे प्रश्न कुणाला विचारायचे ते लिहिलेली फाइल, वाचून दाखव. पहिल्या ओळीत एका जुन्या मशीनचा आयपी होता, जे मशीन मार्चमध्ये मीच बंद केलेलं. बंद करताना कुठल्या कुठल्या सर्व्हरमध्ये त्याचा पत्ता लिहिलाय हे मी शोधलं नव्हतं. तुम्ही ओरडला नाहीत, फक्त म्हणालात, "सापडलं ना, झालं."

मी घाईघाईने तिथे ८.८.८.८ हा गूगलचा सार्वजनिक रिझॉल्व्हर, म्हणजे डीएनएसची उत्तरं शोधून देणारा सर्व्हर, टाकायला निघालो होतो तर तेही थांबवलंत, कारण स्पॅमहॉससारख्या ब्लॉकलिस्ट अशा सार्वजनिक रिझॉल्व्हरवरून आलेल्या प्रश्नांना नीट उत्तरं देत नाहीत, मग उशीर गेला तरी स्पॅम वाढला असता. त्याच मशीनवर अनबाउंड बसवायला लावलंत, स्वतःचा कॅश (साठवलेली उत्तरं) असलेला रिझॉल्व्हर. रात्री पावणेबाराला पहिला मेल गेला, ०.३/०.०१/०.०१/०.८. मी तो आकडा तुम्हाला वाचून दाखवताना माझा आवाज कापत होता हे तुम्हाला कळलं असणार. ०.८ सेकंदाने त्याच दोन कामगारांत तासाला ९००० मेल होतात. कामगार वाढवायची गरजच नव्हती. थोडी सवड म्हणून तुम्ही ४ करायला सांगितलेत, आणि पोस्टफिक्सच्या मास्टर फाइलमधे त्या फिल्टरसमोरचा आकडाही ४ च कर, दोन्हीकडे एकच पाहिजे, हे तीनदा बजावलंत.

तिसऱ्या रात्री राहिलं होतं ते माझ्या क्रॉनचं. आतले मेल पळायला लागले पण बाहेरचे अजून रेंगाळत होते. क्यूशेप, म्हणजे रांगेत कुठल्या डोमेनचे किती मेल आहेत ते दाखवणारी कमांड, चालवायला लावलंत, त्यात डिफर्ड, म्हणजे न पोचल्याने पुढे ढकललेल्या मेलच्या, रांगेत शेकडो चुकीची डोमेन निघाली, फॉर्म भरताना पोरांनी स्पेलिंग चुकवलेली. पोस्टफिक्स अशा मेलला स्वतःहून लांबवत नेतो, आधी पाच मिनिटांनी प्रयत्न, मग अंतर वाढत वाढत जास्तीत जास्त ४००० सेकंद, आणि पाच दिवसांनी पाठवणाऱ्याकडे परत करतो. मी दर मिनिटाला फ्लश मारून ते सगळं अंतर पुसून टाकत होतो, एकेका मेलेल्या डोमेनवर कनेक्शनसाठी ३० सेकंद वाट बघत पोचवणारे प्रोसेस अडकून पडत होते आणि बरोबर पत्त्याचे मेल त्यांच्यामागे. रांग फ्लश करणाऱ्या पोस्टक्यू कमांडच्या मॅन्युअलमध्ये याचा स्पष्ट इशारा लिहिलेला आहे, तो तुम्ही मला मोठ्याने वाचायला लावलात. क्रॉनची ओळ काढली, वीस मिनिटांत बाहेरची रांग ओसरली. फॉर्ममध्ये आता ईमेल दोनदा टाइप करावा लागतो, तेही तुमचंच सुचवणं.

ताई, तुम्हाला घरी लहान मूल आहे, दिवसभर स्वतःचे सर्व्हर आहेत, आणि माझी तुमची ओळख म्हणजे फक्त एका मित्राने दिलेला नंबर. तुम्ही पहिल्या रात्रीच पासवर्ड मागून दहा मिनिटांत दुरुस्त करून मोकळ्या होऊ शकत होतात. मी द्यायलाही तयार होतो, तुम्हीच नको म्हणालात, आणि तीन रात्री प्रत्येक कमांड माझ्याच हाताने मारून घेतलीत. ऑगस्टच्या शेवटी दुसऱ्या फेरीत परत गर्दी झाली, तासाला १८०० च्या वर गेले मेल, मी लॉगसमोर बसून दुसरा आकडा बघत होतो, तो एकदाही एका सेकंदावर गेला नाही. त्या जतच्या मुलीचं ॲडमिशन पक्कं झाल्याचा मेलही त्याआधीच्या आठवड्यात गेला, तो मी लॉगमध्ये मुद्दाम शोधून बघितला.

तासगावचे बेदाणे पाठवलेत, दोन किलो, पत्ता मित्राकडून घेतलाय म्हणून त्याच्यावर रागावू नका. पोचले की कळवा.

तुमचा,
सात कॉलेजांचा मेलवाला