‘बाकावरची दोन वर्षे’ वाया जात नाहीत

महोदय,

अमेरिकेतील कॉलेज फुटबॉलवर आपल्या क्रीडा पानात येणारे लेख क्वार्टरबॅकपाशी, म्हणजे चेंडू फेकणाऱ्या सूत्रधारापाशी, सुरू होतात आणि तिथेच संपतात. तरुण ऑफेन्सिव्ह लाइनमनचा, म्हणजे त्याच्यापुढे उभे राहून बचावपटूंना अडवणाऱ्या पाचांपैकी एकाचा, उल्लेख आलाच, तर ‘पहिली दोन वर्षे बाकावर’ एवढ्यावर त्याची बोळवण होते. या जागेचा खेळाडू तयार व्हायलाच तेवढा वेळ लागतो, हे त्यात सुटून जाते.

कॉलेजच्या पाच वर्षांत चार हंगाम खेळायचे, हा तिथला मूळ हिशेब. २०१८पासून चार सामन्यांपर्यंत खेळले तरी तो हंगाम खर्ची पडत नाही. त्याला रेडशर्ट म्हणतात. शाळेतून १२० किलोचा आलेला मुलगा याच काळात १३५-१४० किलोंकडे जातो. नुसती चरबी चढली तर मात्र पाय जड होतात.

आणि सगळा खेळ पायांचा. क्वार्टरबॅक चेंडू फेकायला मागे सरतो, तेव्हा टॅकल (रांगेच्या टोकाचा लाइनमन) बाहेरचा पाय मागे टाकतो, आतला जमिनीलगत ओढून आणतो. पायात पाय आला की समोरचा छातीवर आदळून त्याला थेट क्वार्टरबॅकच्या अंगावर रेटतो. गुडघ्यांऐवजी कमरेत वाकला तर तोल पुढे जातो. मग बचावपटू त्याचे हात झटकून बगलेतून पसार. तळवे समोरच्याच्या छातीवर, आतल्या बाजूला हवेत. ते खांद्यांबाहेर गेले आणि जर्सी ओढली गेली की होल्डिंग, १० यार्डांचा दंड.

टॅकलचा गार्ड केला, म्हणजे टोकावरून आतल्या जागी आणला, की तो घसरला, हीही गैरसमजूतच. पुष्कळदा कारण फक्त हातांच्या लांबीचे असते. बाजू बदलणे हीही घसरण नव्हे. पेनेई सूवेलने ओरेगन विद्यापीठाकडून डावा टॅकल खेळत २०१९ची आउटलँड ट्रॉफी (कॉलेजमधल्या सर्वोत्तम लाइनमनचा पुरस्कार) मिळवली, २०२०चा हंगाम सोडला, तरी २०२१च्या ड्राफ्टमध्ये (व्यावसायिक संघांच्या खेळाडू-निवडीत) डेट्रॉइट लायन्सने त्याला सातव्या क्रमांकावर घेतले आणि पुढे उजव्या बाजूला नावारूपाला आणले. बाजू बदलली की कोणता पाय मागे, कोणता हात आधी, सगळे उलटे शिकावे लागते. जेसन केल्सी तर सिनसिनाटी विद्यापीठात शिष्यवृत्तीविना दाखल झाला, तोही लाइनमन म्हणून नव्हे; २०११मध्ये सहाव्या फेरीत निवडला गेला आणि फिलाडेल्फिया ईगल्सचा सेंटर, म्हणजे रांगेतला मधला लाइनमन, म्हणून १३ हंगाम खेळला.

लाइनमनच्या नावावर ना टचडाउन, ना यार्ड. ‘इतके सॅक दिले’ (क्वार्टरबॅकला चेंडूसह इतक्यांदा पाडू दिले) हा आकडाही जपून वापरावा. दोष शेजारच्या गार्डचा असू शकतो, किंवा चेंडू हातात धरून बसलेल्या क्वार्टरबॅकचा.

ट्रान्सफर पोर्टल, म्हणजे कॉलेज बदलू इच्छिणाऱ्या खेळाडूंची नोंदयादी, आले २०१८मध्ये. २०२१पासून कॉलेज बदलल्यावर वर्षभर बाहेर बसण्याची अटही सैल झाली, आणि त्याच वर्षी जुलैपासून खेळाडूंना स्वतःच्या नावावर जाहिरातीतून कमाई करता येऊ लागली. लाइनमनला हे स्थलांतर इतरांपेक्षा महागात पडते. दोन बचावपटू एकमेकांच्या मागून जागा बदलत आत घुसतात, तेव्हा कोणी कोणाला धरायचे हे टॅकल आणि गार्डला न बोलता कळावे लागते. नव्या संघात इशाऱ्यांचे शब्दही वेगळे. शाळा सुटल्यावर तीन वर्षांनी ड्राफ्टचे दार उघडते. तिसऱ्याच वर्षी संघ बदलणाऱ्याकडे हे सगळे नव्याने बसवायला एकच हंगाम उरतो.

पुढच्या लेखात एक छोटी चौकट द्यावी: कोणत्या जागेवर, सलग किती सामन्यांत सुरुवातीच्या पाच लाइनमनमध्ये, दंड किती.

आपला,
एक नियमित वाचक