द्राक्षवेलीची खरड छाटणी

प्रिय बंधुभगिनींनो,

ईस्टरनंतरच्या पहिल्या रविवारी, उपासना संपताच सकाळी 10:30 वाजता, चर्चच्या अंगणातल्या मांडवाखाली जमावे. खरड छाटणी, म्हणजे जुन्या काड्या बुडाजवळ कापणे, करत बायबलमधला द्राक्षवेलीचा उतारा, योहान 15:1-8, वाचू.

- सिकेटर (छाटणीची कात्री) धारदार आणा. बोथट पात्याने काडी चिरडते, तिथून बुरशी शिरते. पुढच्या वेलीला हात लावण्याआधी पाती स्पिरिटने पुसा.
- ओलांड्यावरच्या (वेलीच्या आडव्या फांदीवरच्या) काडीला एकच डोळा (जिथून फूट निघते ती कळी) ठेवा, फार तर दोन. दया येतेच, पण जास्त डोळे राखले की फुटी दाटतात, आत ऊन पोचत नाही आणि ऑक्टोबरमधल्या फळछाटणीनंतर घड कमी निघतात. दुसऱ्या वचनातले ‘साफ करणे’ इथे हातानेच कळेल.
- तोडलेल्या काड्या बाजूला ठेवा, वाळलेल्या फाट्यांबद्दलच्या सहाव्या वचनाला लागतील.

मुलांच्या हाती सिकेटर देऊ नये.