टीव्हीवर दिसतो म्हणून गाडी घेतली

संपादक साहेब, नमस्कार.

आपल्या सोलापुरात जुन्या गाड्यांचा एक डीलर रोज लोकल केबलवर झळकतो, गॉगल, गळ्यात जाड चेन, गड्ड्याच्या यात्रेत तर पोरं त्याच्यासोबत सेल्फी काढत होती. असू दे की, अमेरिकेत कॅल वर्दिंग्टन नावाचा गाड्यांचा डीलर पण असाच होता, जाहिरातीत 'माझा कुत्रा स्पॉट' म्हणायचा आणि घेऊन यायचा वाघ नाहीतर हत्ती! (दुसऱ्या महायुद्धात बॉम्बर विमान चालवलेला माणूस ओ, २०१३ ला वारला.) पण मी आमच्यावाल्याकडून गाडी घेतली आणि आरसीवर अजून आधीच्या मालकाच्या बँकेच्या कर्जाचा बोजा तसाच, एनओसी (बँकेचं ना-हरकत पत्र) आणि फॉर्म ३५ (बोजा उतरवायचा फॉर्म) मागितला की ऑफिसातली पोरं म्हणतात साहेब शूटिंगला गेलेत.

– एक वाचक, होटगी रोड