चि. सायलीस, माणगावच्या पुतळ्याबद्दल

चि. सायली हिस,
अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर तावातावाने विचारलंस, "बाबा, इंग्रजांसाठी मेलेल्या माणसाचा पुतळा आपल्या माणगावात कशाला?" आई 'जेवलीस का' विचारायला टपलेली होती, म्हणून फोन तिच्याकडे दिला. आता निवांत लिहितो.

आधी माणूस बघ. यशवंत घाडगे आपल्याच तालुक्यातल्या पळसगावचा, जन्म १६ नोव्हेंबर १९२१ चा. दुसऱ्या महायुद्धात, १० जुलै १९४४ ला, इटलीत मारला गेला तेव्हा तेविसावंही पुरं नव्हतं. तुझ्या वर्गातली पोरं डोळ्यांपुढे आण. मराठा पलटणीच्या तिसऱ्या बटालियनमध्ये तो नाईक होता, म्हणजे एका सेक्शनच्या मूठभर जवानांचा म्होरक्या.

टायबर नदीच्या वरच्या खोऱ्यात अगदी जवळून मशिनगन सुरू झाली आणि तो सोडून सेक्शनमधला प्रत्येक जण ठार किंवा जखमी झाला. तो एकटा गनवर धावून गेला. ग्रेनेड टाकून गन आणि ती चालवणारा दोन्ही बंद पाडले, एकाला गोळी घातली. मॅगझिन बदलायला वेळ नव्हता, म्हणून उरलेल्या दोघांना बंदुकीच्या तडाख्यांनी मारलं. मग लपलेल्या नेमबाजांच्या गोळ्यांनी तोही पडला. व्हिक्टोरिया क्रॉस, म्हणजे इंग्रजांचं शौर्याचं सर्वोच्च पदक, मिळालं ते मरणोत्तर. हे वाचताना मला अभिमानाआधी शहारा येतो, आणि तो यावाच.

पण पदकाच्या प्रशस्तिपत्रात मावतात ती फक्त शेवटची काही मिनिटं. त्यामागचं आपलं कोकण बघ. एकदा भात कापलं की शेत पुढच्या पावसापर्यंत मोकळं. तरण्या पोराने मुंबईची गिरणी धरायची, नाहीतर पलटण. पलटणीतून मनीऑर्डर यायची, त्यावर घर चालायचं. लढाईच्या दिवसांत मात्र तारवाला आळीत शिरला की बायांच्या छातीत धस्स व्हायचं.

युद्धात उतरायचं की नाही हे या घरांना कोण विचारतंय? ३ सप्टेंबर १९३९ ला व्हाइसरॉय लिनलिथगोने भारत युद्धात असल्याचं परस्पर जाहीर केलं, आपल्या पुढाऱ्यांनाही विचारलं नाही. तरी सक्ती नसताना फौज वीस लाखांच्या वर गेली. त्यात पोट होतं, इभ्रत होती, बापजाद्यांची पलटण होती. एकट्या इटलीत आपले ५,७८२ सैनिक कामी आले.

तुझी बाजू मीच भक्कम करून देतो. १९४२ च्या सप्टेंबरात, इथून जवळ महाडला, लोक तहसील कचेरीवर मोर्चा घेऊन गेले. याच सरकारच्या गोळीबारात माणसं मेली. एकाच मुलखातले तरुण, कुणी त्या सरकारविरुद्ध मेला, कुणी त्याच्या वर्दीत. ही गाठ मला सुटत नाही, आणि पुतळ्याला हार घालणाऱ्या भाषणांत तिचा उल्लेखही नसतो, याचा मला राग येतो.

तरीही 'इंग्रजांसाठी मेला' एवढ्यावर मी सही करणार नाही. पगार इंग्रजांचा, हुकूमही त्यांचा. पण त्या क्षणी आजूबाजूला पडलेले जवान लंडनचे नव्हते, ते त्याच्याच सेक्शनचे होते. हा माझा अंदाज, तू खोडून काढ. शिवाय समोर नाझी फौज होती. तिच्या हातातून सुटलेल्या गावांना त्याचा पगार कोण देतं याच्याशी काय देणंघेणं? इटलीतल्या मोंतोने गावाने २०२३ मध्ये त्याच्या नावाने सूर्यघड्याळाचं स्मारक उभारलं.

दिवाळीला येशील तेव्हा आधी महाडला हुतात्म्यांच्या स्मारकाकडे जाऊ, मग पळसगावला. भांडायचं ते गाडीत भांड. आईला मागे बसवू.

तुझा,
बाबा