ठेले हटले, आता झिंगा नूडल्सवाल्याने उभं कुठे राहायचं?

मा. संपादक साहेब,
नमस्कार.

मागच्या आठवड्यात तुमच्या पेपरात तालुक्याच्या पानावर बस स्टँडसमोरचे ठेले काढल्याचा फोटो होता अन् वर हेडिंग, 'स्टँड परिसराने घेतला मोकळा श्वास'. श्वास कोणी घेतला ते मला काही दिसलं नाही बुवा. मी दुसऱ्याच दिवशी तिथे उभा होतो, नाली तशीच तुंबलेली, डुकरं तशीच लोळून राहिली होती, फक्त चहा प्यायला जागा नव्हती. त्या फोटोत उजव्या कोपऱ्यात आडवी पडलेली हिरवी गाडी आहे ना, ती आमच्या गावच्या पोराची, म्हणून हे पत्र.

हे पोरगं नागपूरच्या एका हॉटेलात चायनीजवर होतं, लॉकडाऊनमध्ये गावी आलं ते परत गेलंच नाही. हक्का नूडल्स अन् मंचुरियन तर आजकाल सगळेच विकतात, पण ह्याने डोकं चालवलं, शुक्रवारच्या बाजारात ढिवर (मासे धरणाऱ्या समाजाच्या) बाया तलावातले झिंगे आणतात ते घ्यायचे, साफ करायचे अन् नूडल्समध्ये टाकायचे. आपल्या भंडारा जिल्ह्यात तलाव पायलीचे पन्नास, पण झिंगा म्हटलं की आमची धाव वांग्यापर्यंत. शुक्रवारी त्याच्या गाडीवर शेवटची एसटी सुटेपर्यंत गर्दी राहायची.

तुम्ही म्हणाल ह्या रिटायर ग्रामसेवकाला नूडल्समधलं काय कळते. तर ऐका. माझा मोठा मुलगा सिंगापूरला नोकरीला आहे, त्याने मागच्या वर्षी आम्हा दोघांना नेलं होतं. मॉल-बिल पाहून झाले, मी म्हटलं बाबू, इथली माणसं जेवतात कुठे ते दाखव. तर त्याने हॉकर सेंटरला नेलं, म्हणजे मोठं छप्पर, खाली शंभरेक गाळे, मधात टेबलं. बसायला जागा नाही आणि रिकाम्या टेबलावर टिश्यू पेपरचं पाकीट ठेवलेलं! मी बसायला गेलो तर पोरगा म्हणे बाबा नका बसू, ती जागा धरलेली आहे, ह्याला इथे 'चोप' म्हणतात. मी म्हटलं आमच्याकडे असं बसलं तर चोप नंतर मिळतो. पण खरं सांगतो, एसटीच्या खिडकीतून रुमाल टाकणाऱ्या माणसाला ते पाहून घरी आल्यासारखं वाटलं.

तिथे 'हॉक्कियन मी' नावाच्या नूडल्सच्या गाळ्यासमोर आम्ही पाऊण तास लाइनीत होतो. चीनच्या फुजियानकडून जी माणसं तिकडे गेली त्यांचा हा पदार्थ. लाइनीत दुसरं काम काय, मी कढईच पाहत होतो. पिवळे गव्हाचे नूडल्स अन् पांढरे तांदळाचे, दोन्ही एकात. अंडं, लसूण, मोड आलेले मूग, झिंगे, अन् स्क्विड म्हणून एक समुद्री जनावर असते त्याच्या चकत्या. आपल्या ठेल्यावर सगळं धडाधड उडवून कोरडं करतात, तिकडे तसं नाही. तो माणूस डावाने रस्सा ओतायचा, झाकण ठेवायचा, नूडल्सने रस्सा पिऊन घेतला की परत ओतायचा. आणि तो रस्सा कशाचा तर झिंग्याच्या डोक्यांचा अन् हाडांचा, जी डोकी आपण कोंबड्यांना टाकतो! रंग बाकी एकदम फिक्का. मला वाटलं सहा डॉलर म्हणजे आपले चारशेच्या आसपास रुपये पाण्यात गेले. मग बाजूला ठेवलेली लाल मिरचीची चटणी कालवली, बोराएवढं लिंबू पिळलं अन् पहिला घास घेतला, राजेहो, नंतर दहा मिनिटं मी कोणाशी बोललोच नाही. त्यात डुकराची चरबीही पडते, मला त्याचं काही नाही, पण आमच्या घरची म्हणाली "मी नाही खात बाप्पा", तिने दुसऱ्या गाळ्यावरून प्राटा (आपला पराठाच) अन् दाळ घेतली.

परत आल्यावर मी त्या पोराला एवढंच सांगितलं, डोकी फेकू नको, उकळ. चरबी वगैरे काही नाही, आपलं साधं तेल. त्या शुक्रवारी साडेसातलाच त्याचा माल संपला.

पण मला तिथे नूडल्सपेक्षा जास्त भावला तो कढईच्या मागचा नळ. प्रत्येक गाळ्यात नळ, बेसिन, सांडपाण्याला पाइप, बाहेर स्वच्छतेची ग्रेड लावलेली. खाणाऱ्यालाही सोडत नाहीत, २०२१ पासून ताट स्वतः उचलून ठेवलं नाही तर दंड. पोराने सांगितलं की हे विकणारेही आधी रस्त्यावरच होते, पाणी नाही, खरकटं नालीत अन् नदीत, कॉलराची भीती. सरकारने आधी त्यांच्या नोंदी केल्या, १९७१ पासून अशी सेंटरं बांधायला घेतली अन् १९८६ पर्यंत रस्त्यावरचे सगळे छपराखाली नेले. आज शंभरावर सेंटरं आहेत आणि २०२० मध्ये युनेस्कोने ह्या खाण्याच्या संस्कृतीला मानवजातीच्या अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत घेतलं. गाडी तिथेही हटवली, पण जायला गाळा होता.

आता आमचं. माझाही दोष सांगून टाकतो, मी नोकरीत असताना दरवर्षी बाजार बैठकीचा (बाजारात बसायच्या पैशाच्या वसुलीचा) लिलाव केला, भजेवाल्याकडून, मासोळीवालीकडून बैठकी वसूल झाली, पण बाजारात एक नळ लावावा हे माझ्या डोक्यात कधी आलं नाही. पथविक्रेत्यांसाठी २०१४ चा कायदा आहे, त्यात लिहिलं आहे की सर्व्हे होऊन सर्टिफिकेट दिल्याशिवाय कोणाला उठवायचं नाही, नगर पथविक्रेता समितीत निदान ४० टक्के विक्रेते पाहिजेत, दुसरीकडे हलवायचं तर ३० दिवसांची नोटीस. आमच्या तालुक्याच्या गावी सर्व्हेवाला कोणी आल्याचं एकाही ठेलेवाल्याला आठवत नाही, झाला असेल तर कागद छापा, मी जाहीर माफी मागतो. अन् खेड्यातल्या आठवडी बाजाराला तर हा कायदा लागूच नाही, तो शहरं अन् नगरपंचायतींपुरता. म्हणजे ती ढिवर बाई, जिच्या टोपलीतल्या झिंग्यांवर हे सगळं चालून राहिलं, ती कोणत्याच कागदात नाही.

आम्ही सिंगापूर मागत नाही. स्टँडच्या मागे जी पडीक जागा आहे, जिथे आता कचरा जळतो, तिथे एक टिनाचं शेड, चार नळ अन् वाहती नाली द्या, भाडं घ्या, घाण केली तर दंड ठोका.

पोराने गाडी सरळ करून घेतली आहे, एक चाक वाकडं आहे. सध्या गोडाऊनच्या बाजूला हँडपंपाजवळ उभा राहतो, पंप तो स्वतःच हापसतो. येत्या शुक्रवारी बाजार आहे, फोटोवाल्याला पाठवा, सातच्या आत यायला सांगा.

आपला,
एक जुना वाचक (निवृत्त ग्रामसेवक), जि. भंडारा