डिस्टिलेशनच्या खोलीतल्या मामांना

आदरणीय मामा,
सप्रेम नमस्कार.

धनभारित पेप्टाइड (अमिनो आम्लांची साखळी) आणि ऋणभारित सोन्याचे नॅनोकण (अतिसूक्ष्म कण) योग्य प्रमाणात मिसळले, की पाण्यातच दाट, वाहते थेंब वेगळे होतात. हे तेलाचे थेंब नव्हेत. आतही पाणीच, बाहेरही पाणीच. १९२९ साली बुंगेनबर्ग डी यॉंग आणि क्रॉइट यांनी त्यांना कोअ‍ॅसर्व्हेट हे नाव दिलं. आमच्या परीक्षानळीत ते नीट येतात, त्याचं मोठं श्रेय तुम्ही दिलेल्या पाण्याला आणि तुम्ही धुतलेल्या काचेला आहे. बीड, लातूर, नांदेडकडच्या प्रयोगशाळांतही अनेकदा बोअरचंच जड, म्हणजे क्षारांचं पाणी असतं, म्हणून हे आभार सगळ्यांसमोर.

बोअरच्या पाण्यातलं कॅल्शियम दोन धनभारांचं. त्याचा एक आयन (भारित अणू) सोन्याच्या दोन कणांना जोडतो, कण गोळा होतात आणि त्यांचं लाल द्रावण जांभळं-निळं पडतं. मग पेप्टाइड घालून थेंब नव्हे, गाळ मिळतो. त्यासाठी शेवटचं खळबळणं पुरेसं असतं: अ‍ॅक्वा रेजियाने (तीन भाग हायड्रोक्लोरिक, एक भाग नायट्रिक) काच कितीही स्वच्छ केली, तरी अखेरचा हात नळाच्या पाण्याचा असला तर सगळं वाया. तुम्ही तो हात कायम डिस्टिल्ड पाण्याचा ठेवलात. हीटरच्या कॉइलवर क्षार चढू दिला नाहीत, सायट्रिक आम्लाने तो वेळच्या वेळी उतरवलात, आणि प्रत्येक वेळी सुरुवातीचं पाणी फेकून मगच कॅन भरलात. पांढऱ्या कॉइलवर पाणी उसळतं आणि क्षार वाफेबरोबर पलीकडे जातो, हे फार थोड्यांच्या लक्षात येतं.

स्टोअरमधल्या बाटल्यांवर पेप्टाइड कोणत्या क्षाराच्या रूपात आहे ते लिहायचा तुमचा आग्रहही तितकाच मोलाचा. पॉलिलायसिन हे धनभारित पेप्टाइड ट्रायफ्लुओरोअ‍ॅसिटेट या क्षाराच्या रूपात असेल, तर १ मिलिग्रॅममध्ये खरं पेप्टाइड जेमतेम ०.५३ मिलिग्रॅम. ते न कळलं तर भारांचं प्रमाण निम्म्यावर येतं, आणि थेंब सर्वांत जास्त येतात ते दोन्ही भार बरोबरीचे असताना.

मिसळण्याचा क्रम आमचा ठरलेला: बफर (आम्लता स्थिर ठेवणारं द्रावण), मीठ, कण, शेवटी पेप्टाइड. द्रावण गढूळ झालं म्हणजे थेंबच आले असं नाही. सूक्ष्मदर्शकाखाली ते गोल हवेत, भेटले की एकमेकांत मिसळायला हवेत, आणि मीठ वाढवलं की विरघळायला हवेत. गाळ सहसा तसाच राहतो.

मे महिन्यात इथे १० मायक्रोलिटरचा नमुना बघता बघता कडेने आटतो. मीठ दाट होतं आणि कडेचे थेंब आधी नाहीसे होतात. कव्हरस्लिपची (नमुन्यावरच्या पातळ काचेची) कड नेलपॉलिशने बंद करायची युक्ती तुमचीच. वाळायला दोन मिनिटं द्या, हेही तुम्हीच सांगितलंत. ओलं पॉलिश आत शिरलं तर नमुना बिघडतो.

कॉइल पुढच्या आठवड्यात उतरवायची आहे. आम्ही मदतीला येतो.

तुमची,
पेप्टाइडवाली मुलं
छत्रपती संभाजीनगर