विषय : बॉट (प्रोग्रॅमनं आपोआप उघडलेल्या) खात्यांना सभासद धरून वाढवलेल्या बिलाबाबत

प्रति,
व्यवस्थापक, बिलिंग विभाग

मुलुंडच्या आमच्या हौशी नाट्यमंडळाचा मॅस्टोडॉन सर्व्हर (ज्याचा त्याला स्वतः चालवता येतो अशा सोशल नेटवर्कचा) तुमच्याकडे आहे. या महिन्यात तुम्ही न विचारता आम्हाला वरच्या प्लॅनमध्ये टाकलंत. कारण काय, तर 'युजर वाढले'. तालमीला निम्मी पात्रं येत नाहीत आणि तुमच्या डॅशबोर्डवर मात्र हाऊसफुल्लचा बोर्ड!

ही वाढ मी अ‍ॅडमिनच्या पानावर बसून पाहिली. नवी खाती सगळी पहाटे तीन ते चारच्या दरम्यान उघडलेली, ईमेल एकाच फुकट्या डोमेनवरचे, फोटो नाही, पोस्ट नाही. शिवाय दुसऱ्या सर्व्हरवर गेलेल्या सभासदांची जुनी खातीही मोजलीत. सर्व्हर बदलला की फॉलोअर सोबत जातात, जुनं खातं आणि पोस्ट मागेच राहतात. म्हणजे माणूस एक, मोजला दोन ठिकाणी.

खरं तर हे मी तुम्हाला सांगायला नको. नोडइन्फोमध्ये, म्हणजे सर्व्हर स्वतःची आकडेवारी जाहीर करतो त्या नोंदीत, एकूण खाती वेगळी दिसतात, महिन्याभरात आणि सहा महिन्यांत सक्रिय असलेली वेगळी. मॅस्टोडॉन तर नुसत्या लॉगिनलाही सक्रिय धरतं, इतकं उदार आहे. त्यातही ही खाती बसत नाहीत. जून 2023 मध्ये लेमी या अशाच दुसऱ्या नेटवर्कच्या सर्व्हरांवर बॉटांनी ढिगानं खाती उघडली, तेव्हा फुगलेल्या एकूण आकड्याला खरी वाढ म्हणता येत नव्हतं. तुम्ही म्हणता, कारण बिल त्यावर निघतं.

आता तुमच्या कस्टमर केअरबद्दल. "सर, काँग्रॅच्युलेशन्स, तुमची कम्युनिटी ग्रो होतेय." म्हटलं, अहो, हे बॉट आहेत. "सिस्टीममध्ये युजर दाखवतंय, सर." मी एक नाव अक्षर-अक्षर वाचून दाखवलं : डब्ल्यू, क्यू, झेड, सात, सात, के. पलीकडे कीबोर्डची टकटक. मग सल्ला आला, "सर, हे मेंबर इनॅक्टिव्ह आहेत. त्यांना वेलकम मेसेज पाठवून बघा." म्हणजे मी डब्ल्यूक्यूझेडला विचारायचं, बाबा रे, जेवलास का? वर "आणखी काही मदत करू का?" आणखी? आधी कुठली केली होतीत? फोन ठेवतो न ठेवतो तोच रेटिंग मागणारा एसेमेस.

नोंदणी आम्ही परवानगीवर ठेवली होती. तुमच्या अपडेटनंतर ती खुली झाली. परत लिहितो : नोंदणी आम्ही खुली केली नाही, तुमच्या अपडेटनं केली.

जादा रक्कम परत करा आणि पुढचं बिल महिन्यातल्या सक्रिय खात्यांवर काढा. आमचं मंडळ धंदा करत नाही, त्यामुळे 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार आम्ही ग्राहकच ठरतो. 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवायला मला वेळ लागणार नाही. डोमेन आमच्या नावावर आहे, सॉफ्टवेअर मुक्त आहे, म्हणजे सर्व्हर दुसरीकडे हलवता येतो. डेटाबेसचा बॅकअप आजच द्या. तुमची शिफारस मीच दोन मंडळांना केली होती, त्यांनाही आता फोन करणार आहे.

चिटणीस,
(अजून तरी) तुमचा ग्राहक